व्हिसावरचा ‘०१’

व्हिसा लागून पासपोर्ट परत आले की माझी नजर आधी एन्ट्रीच्या रकान्यावर जाते. त्या दिवशी क्रोएशियाला निघालेल्या कुटुंबाचे पासपोर्ट आले. मुलगा कामासाठी युरोपात सतत जाऊन-येऊन असतो, सूनही बऱ्याचदा सोबत; दोघांना ‘मल्ट’, म्हणजे अनेकदा आत-बाहेर करायची मुभा मिळाली होती. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आजींच्या स्टिकरवर मात्र ‘०१’. म्हणजे शेंगेनमधून, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, एकदा बाहेर पडलं की परत आत येणं नाही.

तिकडच्या एजंटाचा कार्यक्रम समोरच होता. स्प्लिट, ह्वार, कोरचुला, दुब्रोव्हनिक, तिथून एक दिवस मॉन्टेनेग्रोतलं कोटोर, आणि विमानासाठी बसने पुन्हा स्प्लिट. कोटोर शेंगेनबाहेर, ते कोणालाही कळलं असतं. खरी मेख परतीच्या बसमध्ये होती: ‘नेउम, चहा व खरेदी, ४५ मिनिटं’. नेउम बोस्नियात. क्रोएशियाचा किनारा त्या ठिकाणी तुटतो, आठ-नऊ किलोमीटर रस्ता दुसऱ्या देशातून जातो आणि पुढे पुन्हा क्रोएशिया लागतो. आजी चहा प्यायला उतरल्या असत्या आणि पुढच्या नाक्यावर अडकल्या असत्या. हा कार्यक्रम जुना असणार, कारण २०२२च्या जुलैत पेल्येशॅत्सचा पूल झाला आणि नेउमला वळसा घालता येऊ लागला. क्रोएशिया शेंगेनमध्ये आला तो त्यानंतर, १ जानेवारी २०२३ला.

एजंटाला फोन केला. तो म्हणाला, “तिथे कोण बघतंय? ड्रायव्हर ओळखीचा आहे.” असं कोणी म्हणालं की मी सगळं लेखी मागते. बस पुलावरून जाईल, असं त्याच्याकडून मेलवर घेतलं.

हात घातलाच होता म्हणून बोटीही तपासल्या. ह्वारची तिकिटं गाड्या नेणाऱ्या फेरीची होती. ती लागते स्तारी ग्रादला आणि यांचं हॉटेल ह्वार गावात, बेटाच्या दुसऱ्या अंगाला. यांच्याकडे गाडी नव्हतीच. थेट गावात जाणारं कॅटामरान, म्हणजे फक्त माणसं नेणारी वेगवान बोट, घेतलं. वारा वाढला की कॅटामरान रद्द होतं, म्हणून शेवटची बोट टाळून सकाळची धरली.

राहिलं कोटोर. मुलगा नाराज. “फोटो बघूनच तर ही ट्रिप ठरवली होती. आता रद्दच करायचं का?”

“तुम्ही दोघं जाऊ शकता,” मी म्हटलं. “आजींचं काय करायचं ते ठरवा.”

आजी फोनजवळच होत्या. “मला एकटीला हॉटेलात बसवू नका म्हणजे झालं.”

दुब्रोव्हनिकच्या तटबंदीवरून फिरायचं तर जवळपास दोन किलोमीटर आणि पायऱ्याच पायऱ्या. ते त्यांना जमणारं नव्हतं. मग लोकरुम सुचवलं. जुन्या बंदरातून बोटीने पंधरा मिनिटांवरचं बेट, सावली भरपूर, मोर मोकळे फिरतात. रात्री मात्र तिथे कोणालाच राहू देत नाहीत.

“सीमा लागते का मध्ये?” आजींनी विचारलं.

“नाही.”

“मग सूनबाई माझ्याबरोबर. तो जाऊ दे एकटा कोटोरला.”

सूनबाईंना कोणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्यांचा वेगळा मेसेज आला: कोटोरची दोन तिकिटं ठेवा, लोकरुमला सगळे मिळून आदल्या दिवशी जाऊ, आणि कोटोरच्या दिवशी आजींना सोबत देणारी मराठी किंवा हिंदी बोलणारी गाईड शोधा. मी शोधायला लागले.