तेलवाहू जहाजाची पारख

सांगली जिल्ह्यात ‘टँकर’ म्हटले की जत-आटपाडीच्या माणसाला उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर आठवतो आणि पलूसकडच्या माणसाला हजारवाडीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेल भरून निघणाऱ्या गाड्या आठवतात. माझी नोकरीची अठ्ठावीस वर्षे समुद्रावरच्या टँकरवर गेली. त्याविषयी गावाकडे फारसे कोणी विचारत नाही. गेल्या महिन्यात मात्र भाचा एक पत्र घेऊन विश्रामबागेतल्या घरी आला. त्याला डेक कॅडेट म्हणून पहिली नोकरी देऊ करणाऱ्या एजन्सीचे ते पत्र होते आणि त्यात जहाजाच्या नावापुढे ‘ऑइल मेजर अप्रूव्ड टँकर’, म्हणजे बड्या तेल कंपन्यांनी मान्य केलेला टँकर, असे ठळक अक्षरांत छापले होते. “मामा, म्हणजे हे जहाज कोणी पास केलंय?” असे त्याने विचारले. त्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की कोणत्याही जहाजाला असे कायमचे ‘पास’ कोणीच करत नाही. हे नीट समजावून सांगताना जे बोललो, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मी आमच्या ओळखीतल्या एका पंपचालकांपासून केली. गाडी पंपावर आली की ते आधी चलनावरचे आणि झाकणांवरचे सीलचे क्रमांक जुळवतात, मग थोडे तेल काचेच्या उंच भांड्यात घेऊन त्याची घनता मोजतात, आणि ती चलनावरच्या आकड्यापासून घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त ढळलेली असेल तर गाडी रिकामी करून घेत नाहीत. कालही तीच गाडी आणि तोच चालक आला होता, म्हणून आज सोडून द्यावे, असे ते कधी करत नाहीत. तेल कंपन्या जहाजाची जी पारख करतात, जिला आम्ही खलाशी ‘व्हेटिंग’ म्हणतो, तिचे मूळ तत्त्व हेच आहे. ती पारख त्या वेळच्या एका सफरीपुरती, एका मालापुरती आणि ज्या बंदरात जहाज लागणार त्या बंदरापुरती असते. पुढच्या सफरीला पुन्हा पहिल्यापासून विचार होतो.

कायद्याची तपासणी याहून वेगळी असते. जहाज ज्या देशाचा ध्वज लावते तो देश, जहाजाची बांधणी आणि यंत्रे तपासून वर्ग देणारी संस्था आणि जहाज ज्या बंदरात जाते तिथले सरकारी निरीक्षक, असे तीन पहारे आधीच असतात. सगळी प्रमाणपत्रे जागच्या जागी असूनही जहाज धोक्याचे असू शकते, हे तेल कंपन्यांना मोठी किंमत मोजून कळले. १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ हे लायबेरियाचा ध्वज लावलेले आणि ब्रिटिश पेट्रोलियमने भाड्याने घेतलेले जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळच्या खडकांवर चढले आणि त्यातले सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चे तेल समुद्रात गेले. जहाज दुसऱ्याचे होते, पण किनाऱ्यावरच्या लोकांनी जाब विचारला तो तेलवाल्यांना. त्यातूनच १९७० मध्ये तेल कंपन्यांनी सागरी प्रश्नांसाठी आपली एक सामाईक संस्था लंडनमध्ये स्थापन केली. जहाजावर तिचा उल्लेख ‘ऑसिम्फ’ असा होतो.

तरीही पुढची वीस-बावीस वर्षे प्रत्येक कंपनी आपापला निरीक्षक पाठवत असे. एकाच जहाजावर थोड्या दिवसांच्या अंतराने वेगवेगळ्या कंपन्यांचे लोक येऊन तेच प्रश्न विचारत, आणि आधीच थकलेल्या खलाशांना तीच कागदपत्रे पुन्हा पुन्हा काढून दाखवावी लागत. १९९३ मध्ये ऑसिम्फने ‘सायर’ ही पद्धत सुरू केली, तेव्हापासून एका कंपनीसाठी झालेल्या तपासणीचा अहवाल सामाईक संगणकीय भांडारात जमा होतो आणि इतर कंपन्या तो तिथून घेऊ शकतात. जहाजमालकाला अहवालातील प्रत्येक त्रुटीवर उत्तर देण्यासाठी १४ दिवस मिळतात आणि ते उत्तरही अहवालासोबत जोडले जाते. निरीक्षक जहाज उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे सांगत नाही, ऑसिम्फही सांगत नाही. अहवाल वाचून निर्णय घेण्याचे काम प्रत्येक कंपनीने स्वतः करायचे असते, त्यामुळे एकाच अहवालावरून एक कंपनी जहाज घेते आणि दुसरी नाकारते, असेही घडते.

निरीक्षक बहुधा स्वतः कप्तान किंवा चीफ इंजिनिअर राहिलेला माणूस असतो. जहाज माल उतरवत असताना तो सकाळी शिडी चढतो आणि संध्याकाळपर्यंत फिरत असतो. तेलाच्या टाक्यांत प्राणवायूचे प्रमाण ८ टक्क्यांच्या खाली ठेवले आहे का, कारण त्याच्या वर गेले की स्फोटाची भीती असते. पंपरूममधला वायू-दर्शक खरोखर चालतो का. यंत्रखोलीतले तेलकट पाणी समुद्रात सोडताना त्यातल्या तेलाचे प्रमाण १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भाग) आत ठेवणारे यंत्र कोणी बगल देऊन बंद तर केलेले नाही ना. दोरखंड, झडपा, नकाशे, औषधांची पेटी, जीवरक्षक होड्या, असे सगळे तो पाहतो.

यंत्रांपेक्षा कागद पाहताना मात्र अधिक गोष्टी बाहेर येतात, आणि त्यातली एक माझ्याच हातून घडलेली आहे. मी चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानाखालचा डेकवरचा मुख्य अधिकारी, होतो. एका युरोपीय बंदरात निरीक्षकाने खलाशांच्या विश्रांतीच्या तासांची नोंद मागितली. नियमाप्रमाणे प्रत्येकाला २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळाली पाहिजे आणि त्यातले किमान ६ तास सलग असले पाहिजेत. माझ्या तक्त्यात सगळ्यांचे तास बरोबर भरलेले होते. त्याने काहीही न बोलता शेजारी डेकची नोंदवही ठेवली. जी पोरे तक्त्यात रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत झोपलेली होती, तीच पोरे नोंदवहीत साडेअकरा वाजता जहाज धक्क्याला बांधत होती. ती नोंद मी स्वतः केली होती, दोन्हींवर माझीच सही होती, आणि त्या क्षणी मला वाटलेली लाज आजही तितकीच ताजी आहे. त्या आठवड्यात आम्ही तीन बंदरे केली होती आणि माणसे खरोखरच पुरेशी नव्हती. पण ते खरे लिहून वर कळवण्याऐवजी मी तक्ता सजवला होता. अहवाल गेल्यावर किनाऱ्यावरच्या कार्यालयातून फोन आला. हे त्याच्या नजरेला कसे पडले, एवढेच मला विचारले गेले. पोरे किती तास झोपली, हे कोणी विचारले नाही. पुढच्या मालासाठी एका तेल कंपनीने आमचे जहाज नाकारले आणि आम्ही अकरा दिवस नांगर टाकून उभे राहिलो. ते नाकारणे योग्यच होते, असे माझे तेव्हाही मत झाले होते.

२ सप्टेंबर २०२४ पासून सायरची नवी आवृत्ती लागू झाली आहे, आणि मी निवृत्त झाल्यानंतर झालेल्या बदलांपैकी मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्वी सगळ्या जहाजांना जवळपास एकच ठरावीक प्रश्नावली असे, त्यामुळे उत्तरे पाठ करून ठेवता येत. आता काही प्रश्न प्रत्येक वेळी येतात, काही आळीपाळीने येतात आणि काही त्या जहाजाच्या पूर्वेतिहासावरून निवडले जातात. कोणते येणार हे आधी समजत नाही. निरीक्षक टॅब्लेट हातात घेऊन जागेवरच नोंद करतो. उपकरण, कार्यपद्धती आणि माणूस यांचा निराळा विचार होतो. माणसाच्या बाबतीत काम अपेक्षेप्रमाणे झाले का, कमी पडले का, की अपेक्षेहून सरस झाले, हे लिहिले जाते, म्हणजे चांगले केलेले कामही पहिल्यांदाच कागदावर येते. पंपरूममध्ये उतरण्यापूर्वी काय कराल, असे कप्तानाला विचारण्यापेक्षा एखाद्या तरुण खलाशाला ते प्रत्यक्ष करून दाखवायला सांगितले जाते. कार्यपद्धती फाईलमध्ये आहे की माणसाच्या हातात उतरली आहे, हे अशा वेळी लपत नाही.

हा अहवाल म्हणजे व्हेटिंगचा एक भाग झाला. कंपनीच्या कार्यालयात बसलेला व्हेटिंग अधिकारी त्यासोबत इतर पुष्कळ गोष्टी चाळतो. तपासणी सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर सहसा चालत नाही. निरनिराळ्या देशांच्या बंदरांत जहाज कधी अडवले गेले होते का, याआधी ते ज्या धक्क्यांवर लागले तिथल्या लोकांचा अनुभव कसा होता, हे पाहिले जाते. साधारण १५ वर्षांनंतर जहाजाच्या सांगाड्याची आणि यंत्रांची वेगळी सखोल तपासणी मागतात. तिच्यात १ ते ४ असे गुण असतात आणि पहिल्या दोहोंत बसलेलेच जहाज बहुतेकांना चालते. कप्तान आणि चीफ ऑफिसर यांचा त्या हुद्द्यावरचा, त्या कंपनीतला आणि त्या प्रकारच्या टँकरवरचा अनुभव एकत्र मोजतात, म्हणजे दोघेही एकाच वेळी नवखे असू नयेत. जहाज सांभाळणाऱ्या कंपनीचीही परीक्षा असते. २००४ पासून अशा कंपन्यांनी स्वतःचे मूल्यमापन लिहून द्यायची पद्धत आहे. तिच्या २०१७ च्या आवृत्तीत १३ प्रकरणे आहेत आणि तेल कंपन्या प्रत्यक्ष जाऊन त्यातले किती खरे आहे ते पडताळतात. आपल्याकडच्या तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे लगेच उमगेल, कारण युरोपातला खरेदीदार द्राक्षांसोबत बागेची फवारणीची वहीही मागतो.

आता ‘एरिका’विषयी. व्हेटिंगचा विषय निघाला की मी या जहाजाविषयी बोलल्याशिवाय राहत नाही. १९७५ साली बांधलेले, अनेकदा नाव आणि मालक बदललेले, माल्टाचा ध्वज लावलेले हे जहाज टोटल या फ्रेंच तेल कंपनीचे सुमारे ३१ हजार टन जड इंधन तेल घेऊन डंकर्कहून इटलीतल्या लिव्होर्नोकडे निघाले होते. १२ डिसेंबर १९९९ रोजी ब्रिटनी किनाऱ्याजवळच्या वादळात त्याचे दोन तुकडे झाले. सर्व २६ खलाशांना हेलिकॉप्टरने वाचवले गेले, पण सुमारे २० हजार टन तेल समुद्रात गेले आणि फ्रान्सचा सुमारे ४०० किलोमीटरचा किनारा काळा झाला. जहाजाचा कप्तान भारतीय होता. सुरुवातीला त्यालाच कोठडीत टाकण्यात आले. २००८ च्या निकालात तो निर्दोष ठरला.

एरिकाची प्रमाणपत्रे वैध होती आणि टोटलच्या व्हेटिंग विभागानेही ते स्वीकारले होते. जहाज आमचे नव्हते, आम्ही फक्त मालाचे धनी होतो, अशी कंपनीची बाजू होती. पॅरिसच्या न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी टोटलला दोषी धरून ३ लाख ७५ हजार युरोंचा दंड केला, आणि २५ सप्टेंबर २०१२ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला. जहाज तपासून घ्यावे, अशी कायद्याची सक्ती कंपनीवर नव्हती. ते काम तिने स्वखुशीने अंगावर घेतले होते. पण एकदा अंगावर घेतल्यावर ते निष्काळजीपणे केले, हाच तिचा अपराध ठरला. त्या तक्त्यावरच्या माझ्या सहीची आठवण मला हा निकाल वाचताना झाली होती. पारख करणाऱ्याने पाहिल्यासारखे केले आणि पाहिले नाही, तर त्याच्या शब्दावर विसंबलेल्या सगळ्यांना तो फसवतो, आणि त्यांत सर्वांत आधी त्या जहाजावर झोपलेली माणसे येतात.

आज माझी काळजी वेगळी आहे. २०२२ नंतर रशियासारख्या निर्बंध लादलेल्या देशांचे तेल वाहण्यासाठी जुन्या टँकरांचा मोठा ताफा उभा राहिला आहे. ही जहाजे नावाजलेल्या तेल कंपन्यांच्या वाटेला जात नाहीत, म्हणून त्यांतल्या बऱ्याच जहाजांची अशी पारख होतच नाही, आणि त्यांच्या विम्याचाही भरवसा नसतो. १ मे २०२३ रोजी मलेशियाजवळ १९९७ साली बांधलेल्या ‘पाब्लो’ या रिकाम्या टँकरवर स्फोट झाला. २८ जणांपैकी २५ जण वाचले आणि तिघे बेपत्ता झाले. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, हे टँकरवरचे पहिले धडे देताना शिकवतात. २०११ च्या जुलैअखेर ‘पवित’ नावाचा छोटा, खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेला टँकर वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतला होता, तेव्हा मुंबईकर त्याची छायाचित्रे काढायला जमले होते. मला ते पाहून त्यावर काम केलेल्या माणसांची आठवण येत होती. अशा जहाजांवर माणसे भरती होतात ती आपल्यासारख्या जिल्ह्यांतूनच. शेत गहाण ठेवून कोर्स केलेला पोरगा पहिली संधी सोडायला तयार नसतो, आणि एजंटाला ते पक्के ठाऊक असते.

म्हणून भाच्याला मी आधी एजन्सीचा नौवहन महासंचालनालयाकडचा परवाना क्रमांक पडताळायला लावला. तो खरा निघाला. पत्रात जहाजाचे नाव होते, पण सात आकड्यांचा आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक नव्हता. नाव, ध्वज, मालक काहीही बदलले तरी तो क्रमांक जहाजाच्या जन्मापासून मोडीत निघेपर्यंत तोच राहतो, आणि तो हाती असला की ‘इक्वासिस’ या विनामूल्य संकेतस्थळावर जहाजाचे वय, सांभाळणारी कंपनी, वर्ग देणारी संस्था आणि बंदरांतल्या तपासण्यांचा इतिहास कोणालाही पाहता येतो. आम्ही दोघांनी बसून एजन्सीला ईमेल लिहिला आणि तीन गोष्टी विचारल्या: आयएमओ क्रमांक, शेवटच्या सायर तपासणीची तारीख, आणि सध्याचा कप्तान किती वर्षे त्या कंपनीत आहे.

चार दिवसांनी उत्तर आले. त्यात आयएमओ क्रमांक होता. जहाज १७ वर्षांचे आहे आणि गेल्या तीन वर्षांत कुठे अडवले गेलेले नाही, असे आम्हाला इक्वासिसवर दिसले. तपासणीच्या तारखेच्या जागी मात्र पुन्हा ‘ऑइल मेजर अप्रूव्ड’ एवढेच लिहिले होते. भाच्याने काल तारीख पुन्हा मागितली आहे, आणि ती येईपर्यंत करारावर सही करायची नाही, असे त्याने स्वतः ठरवले आहे.