तुम्ही विचारलंत म्हणून: सिंधुदुर्गला पूल का नाही?

मालवणच्या जेटीवर उभं राहिलं की किल्ला समोरच दिसतो, आणि प्रत्येक पाहुणा विचारतो, "एवढंसं तर पाणी, पूल का बांधत नाहीत?"

होडीने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे, खरं. पण मधे खडपं, म्हणजे समुद्रातले खडक, आहेत. ओहोटीला उघडी पडणारी परवडली. भरतीला जेमतेम बुडालेली घात करतात, कारण वरून पाणी सपाट दिसतं आणि खाली होडीचा पंखा आपटतो. म्हणून तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, सरळ रेघेत होडी नेत नाही. शत्रूची गलबतंही हीच खडपं अडवत. १६६४ साली शिवाजी महाराजांनी किल्ल्यासाठी हे कुरटे बेट निवडलं ते उगाच नाही. पुलाच्या खांबांसाठी ती फोडायची, तर किल्ल्याचा पहिला तटच पाडला म्हणायचा.

शिवाय वाळू. शेजारच्या छोट्या पद्मगड किल्ल्याच्या आडोशाला लाटा मंदावतात, वाळू साठते, म्हणून ओहोटीला तिथे चालत जाता येतं. (भरती सुरू व्हायच्या आत परता, वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.) पुलाचे खांब प्रवाह असाच मंदावतील. वाळू एकीकडे साठली की दुसरीकडचा किनारा खचतो. वर १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे, आणि संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला कायद्यानेच मनाई.

इथवर माझं उत्तर पाठ आहे. पुढचं अवघड जातं.

किल्ल्यात माणसं राहतात, मोजकीच घरं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत, पाणी गोडं आहे. पण तांदूळ, रॉकेल, औषधं मेच्या आतच भरून ठेवावी लागतात. मेअखेरीला होड्या थांबतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. नैर्ऋत्येची लाट उथळ खडपांवर चढली की फुटते, आणि फुटलेल्या पाण्यात वल्हं किंवा पंखा पकड घेत नाही. होडी आडवी झाली की पुढची लाट ती उलटवते. अशात घरातलं कोणी आजारी पडलं तर दरवाजाशी उभं राहून उधाण ओसरायची वाट बघायची. अमावास्या-पौर्णिमेला तर ते आणखी चढतं. समोर मालवणचे दिवे दिसत असतात. डॉक्टर तिथे, माणूस इथे. ही घरं पिढ्यान्‌पिढ्या इथली आहेत. त्यांना "खडपं जपायची आहेत" हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पूर्वी मी म्हणायचो, पावसाळ्यापुरतं त्यांनी गावात राहावं. आता ते बोलवत नाही. घर सोडून जा, हे आपल्याला कोणी सांगितलं तर?

तरी पूल नकोच म्हणतो. दरवाजाजवळ लाट अडवणारा छोटा धक्का चालेल, असंही कधी वाटतं. पण वाळू तोही अडवणारच.