परतफेडीची अपेक्षा नाही

2016 च्या ऑक्टोबरमधला एक सोमवार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी माझ्याकडच्या दोन फाइली अडल्या होत्या, आणि दोन्ही एकाच वाक्यावर.

मी तेव्हा कॅलिफोर्नियात, सॅन होजेला, घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीत लोन प्रोसेसर होते. कर्ज मंजूर करतो अंडररायटर. त्याच्यापुढे टिकेल अशी फाइल बांधायची हे माझं काम. पगाराच्या पावत्या आणि टॅक्स रिटर्न कुणीही गोळा करील, खरं कसब बँक स्टेटमेंट वाचण्यात आहे. महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून मोठी रक्कम एकदम जमा झालेली दिसली, की ती आली कुठून ते कागदावर दाखवावं लागतं. स्टेटमेंटचं शेवटचं पान कोरं असलं तरी लागतं, कारण त्यावर 'पान 5 पैकी 5' छापलेलं असतं. लोक ते पान हटकून गाळतात आणि मागितलं की आमच्यावरच चिडतात.

पैसे आईवडिलांनी दिलेले असले तर गिफ्ट लेटर लागतं. त्यात रक्कम, देणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, नातं आणि एक वाक्य: या रकमेच्या परतफेडीची अपेक्षा नाही. हे वाक्य नसेल तर ती उधारी ठरते, आणि बिनतारण उधारीवर डाउन पेमेंट चालत नाही.

पहिली फाइल एका तरुण अमेरिकन इलेक्ट्रिशियनची. वडील ओहायोत, प्लंबिंगचा स्वतःचा धंदा, पैसा भरपूर. ते मुलाला डाउन पेमेंटचे पैसे द्यायला तयार होते, पण चार टक्के व्याजानं, दहा वर्षांत फेडायच्या बोलीवर. मी फोनवर नियम सांगितला. ते म्हणाले, "मग नाही देत. माझ्या बापानं मला एक डॉलर दिला नाही, म्हणून मी उभा राहिलो." आणि एक म्हण ऐकवली: तीन पिढ्यांत पुन्हा बाह्या वर. आजोबा बाह्या सरसावून कमावतो, बाप उधळतो आणि नातवाला पुन्हा बाह्या सरसावाव्या लागतात, असा तिचा अर्थ.

मला त्यांचा रागच आला. इचलकरंजीत माझ्या वडिलांनी मागावर उभं राहून माझ्या शिक्षणासाठी पीएफ मोडला होता. पोटच्या पोराकडून व्याज घ्यायचं हे माझ्या पचनी पडेना. पण मुलाला फोन केला तर तो बापापेक्षा कडक निघाला. "भेट घेतली तर ते घर त्यांचं होईल," म्हणाला. त्यानं स्वतःच्या बचतीतून घराच्या किमतीच्या फक्त पाच टक्के भरले आणि वर दरमहा मॉर्टगेज इन्शुरन्सचा हप्ता मान्य केला. हा विमा कर्ज बुडालं तर सावकाराला वाचवतो, हप्ता मात्र घेणाऱ्याच्या खिशातून जातो. कर्ज घराच्या मूळ किमतीच्या 80 टक्क्यांवर उतरलं की तो बंद करायला सांगता येतं. ती तारीख कधी येईल हे त्यानं मला दोनदा विचारून लिहून घेतलं. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

दुसरी फाइल चिनी नवरा-बायकोची, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. बायकोचे आईवडील शीआनचे, तिथल्या फांगजृचंग म्हणजे कापडनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातले, सरकारी गिरणीतून निवृत्त. नव्वदच्या दशकात कारखान्यानं राहती घरं कामगारांना स्वस्तात विकली, तेव्हा त्यांनी आपलं विकत घेतलं. 1998 मध्ये सरकारनं नोकरीबरोबर घर देणं थांबवलं आणि पुढे त्या घरांचं सोनं झालं. ते घर विकून त्यांनी लेकीला 88,000 डॉलर पाठवले. तिकडे माणशी वर्षाला 50,000 डॉलरच घेता येत, म्हणून वडिलांच्या नावानं 50,000 आणि आईच्या नावानं 38,000. अंडररायटरनं शेरा मारला, निम्मे निम्मे का नाहीत? निम्मे म्हणजे 44 हजार, आणि चिनीत चारचा उच्चार 'मृत्यू'च्या जवळ जातो. आठ मात्र भरभराटीचा आकडा. हे मला रीतसर लिहून द्यावं लागलं. अशा शेऱ्यांत माझी निम्मी नोकरी गेली.

शुक्रवारी सह्या होत्या. 2015 च्या ऑक्टोबरपासून नियम आला होता, की कर्जाचा अंतिम तपशील घेणाऱ्याच्या हातात सहीच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी पडला पाहिजे. म्हणजे गिफ्ट लेटर सोमवारीच हवं होतं, आणि वडील सही करेनात. संध्याकाळी सहाला, शीआनला मंगळवारचे सकाळी नऊ वाजले असताना, व्हिडिओ कॉल लावला. लेक दुभाषी.

वडील म्हणाले, "ही भेट नाही. भेट पाहुण्याला देतात. घरचा पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, त्यात देणं काय नि घेणं काय? आणि अपेक्षा नाही असं मी का लिहू? अपेक्षा आहे. म्हातारपणी आम्ही तिच्याकडेच राहणार." जावई हसून मला म्हणाला, आमच्याकडेही म्हण आहे, श्रीमंती तीन पिढ्यांपलीकडे जात नाही. ओहायोच्या बापानं त्याच धास्तीनं हात आखडता घेतला होता. शीआनच्या बापानं त्याच धास्तीनं सगळंच पुढच्या पिढीत ओतलं होतं. पुढे 2018 मध्ये चीनमध्ये 'सहा पाकिटं' हा शब्द गाजला. नवऱ्याच्या आणि बायकोच्या, दोघांच्याही आईवडिलांचं, वडिलांकडच्या आजी-आजोबांचं आणि आईकडच्या आजी-आजोबांचं, अशी सगळी पाकिटं रिकामी करून घर घ्यायचं. तो वाचला तेव्हा मला हेच गृहस्थ आठवले.

मी सांगितलं, इथे परतफेड म्हणजे फक्त पैशाची. माझं हे एक वाक्य लेकीनं दोन मिनिटं समजावलं. मला चिनी येत नाही. वडील बराच वेळ गप्प बसले, मग सही केली आणि शेजारी लाल शाईत नावाचा शिक्का उठवला.

पत्राबरोबर लेकीनं आपणहून लिहिलेलं एक पान आलं: आईवडील पुढे आमच्यासोबत राहतील, त्यांचा सांभाळ आम्ही करू, खालची खोली त्यांच्यासाठी आहे. आमचा लोन ऑफिसर, जो एरवी एक कागदही वेळेवर देत नसे, ते पान पाहून माझ्या टेबलापाशी धावत आला. "काढ ते. मागितलं नाही ते द्यायचं नाही." नियमाच्या दृष्टीनं त्यात काहीच गैर नव्हतं, सांभाळ करणं म्हणजे कर्ज फेडणं नव्हे. पण अंडररायटरनं एक प्रश्न टाकला असता तरी शुक्रवार हुकला असता.

मी ते पान काढलं. वडिलांना जे लिहायचं होतं, ते त्या एकाच पानावर होतं. शुक्रवारी सह्या झाल्या. किल्ली मिळाल्यावर तिनं विचारलं, "माझं पत्र लावलंत ना?"

मी तिला म्हणाले, फाइल पूर्ण आहे.