भैय्या चौकातलं घर

९ डिसेंबर

आज डॉ. कोटणीसांचा स्मृतिदिन. भाचीला घेऊन सोलापुरातल्या भैय्या चौकातल्या त्यांच्या घरी, म्हणजे आताच्या स्मारकात गेले. या चौकातून आयुष्यभर ये-जा केली, पण आत पाऊल टाकायची ही तिसरीच वेळ. याचं वाईट वाटतं.

भाचीला सोलापूरचे चार हुतात्मे तोंडपाठ आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी. शाळेत दरवर्षी म्हणवून घेतात. कोटणीसांबद्दल मात्र तिला एवढंच ठाऊक, की ते चीनला गेले. मग फोटोंसमोर उभं राहून सांगत गेले. १९१० साली सोलापुरात जन्म, मुंबईत डॉक्टरी, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक बोटीनं चीनला निघालं, त्यात हे. वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली, तरी जखमी सैनिकांना सोडून आले नाहीत. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले तेव्हा ते बाळ चार महिन्यांचंही नव्हतं. वय अवघं बत्तीस.

"आत्या, त्यांच्या आईला कधी कळलं असेल गं?" भाचीनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. फोटोतल्या त्या तरुण चेहऱ्याकडे नुसती बघत राहिले.

बाहेर बाकावर एक आजोबा नातवाला जुन्या गिरणीचं सांगत होते. १८७७ ची गिरणी. "भोंगा झाला की सगळं गाव उठायचं की रे! घड्याळ होतं कुणाकडं?" आम्ही दोघीही तिथंच टेकलो. ते बोलत होते आणि मला दादांची, माझ्या वडिलांची, पत्र्याची ट्रंक आठवत होती. दादांनी तीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलं. ते गेल्यावर घर बदलताना ती ट्रंक मीच भंगारवाल्याला दिली. गिरणीचा बिल्ला, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनची पावती, सगळं त्यात होतं. कोटणीसांच्या घरच्यांनी त्यांच्या खुणा जपल्या, म्हणून आज भाचीला तो प्रश्न सुचला. माझ्या हातून दादांच्या खुणा गेल्या, आणि ते आता भरून येणार नाही.

रात्री आईला फोन केला. बिल्ला कसा होता, विचारलं.

"पितळेचा. गोल. वर भोक होतं दोऱ्याला."

"नंबर?"

मला वाटलं होतं, आठवणार नाही. पण पगाराच्या दिवशी ती गेटावर उभी राहून दादांचा नंबर सांगायची. तिनं क्षणभरही विचार केला नाही.

"चारशे सतरा."

वहीत लिहून ठेवला. रविवारी तिच्याकडे जाऊन बाकीचंही उतरवून घेणार आहे. भाची म्हणाली, मीच लिहिते, माझं अक्षर चांगलं आहे.