तक्रार मुलाची, फोटो शेगडीचे

आमच्या बाह्यरुग्ण विभागात लहान मुलांसाठी राखून ठेवलेल्या दिवशी येणाऱ्या तक्रारी बहुधा ठरावीक असतात: बोलत नाही, एका जागी बसत नाही, जेवत नाही. त्या दिवशी एका केसपेपरवर मात्र ‘फार हट्टी, सगळे ठरल्याप्रमाणेच लागते’ एवढेच लिहिलेले होते. साडेतीन वर्षांचा मुलगा, बरोबर आई आणि आजी. वडील मागून येत आहेत, असे आईने सांगितले तेव्हा आजींनी मान फिरवली, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आईची यादी लांबलचक होती. पोळी मोडून वाढली की दुसरी अख्खी पोळी हवी. लिफ्टचे बटण दुसऱ्या कुणी दाबले तर खाली जाऊन पुन्हा वर यायचे. मोज्याची शिवण बोटांना लागली की मोजे काढून नव्याने घालायचे. रात्री आजीने तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगायची आणि चुकून कोल्ह्याच्या जागी लांडगा आला, तर रडून घर डोक्यावर घ्यायचे. शेजारच्या कुणीतरी ‘हे ओसीडी असणार’, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यांपायी त्याच त्या कृती करायला लावणारा मंत्रचळाचा आजार, असे सांगितल्यापासून बाईंची झोप उडाली होती.

अशा वेळी मूल हाक मारल्यावर वळते का, आवडलेली वस्तू आईला नेऊन दाखवते का, खोटे-खोटे खेळते का, हे मी आधी पाहते, कारण त्याच त्या क्रमाचा आग्रह आणि बदल न सोसणे हे स्वमग्नतेतही आढळते. या मुलाने खेळण्यातल्या गाड्या भिंतीलगत एका ओळीत लावल्या. मधली लाल गाडी मी हळूच तिरकी केली. त्याने ती सरळ केली. मी ती पुन्हा तिरकी केली आणि म्हटले, “अरे, हिचं चाक पंक्चर झालंय.” त्याने चाकाला बोट लावून पाहिले, थोडा विचार केला आणि “मग गॅरेजमध्ये नेऊ या” म्हणत स्वतःच ओळ मोडून गाडी माझ्या खुर्चीखाली ढकलली. मग आईचा पदर ओढून तिला गॅरेज दाखवले. निम्मे उत्तर मला तिथेच मिळाले. त्याचा नियम कडक होता खरा, पण खेळात त्याला मुरड घालता येत होती आणि तो पाळताना त्याच्या चेहऱ्यावर धास्ती नव्हती.

डेव्हिड इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये लहान मुलांच्या पालकांकडून प्रश्नावली भरून घेऊन याच वागण्याचा अभ्यास केला होता. साधारण 2 ते 4 या वयात असे आग्रह सर्वाधिक दिसतात आणि पुढे ते ओसरू लागतात, असे त्यांना आढळले. ज्याच्या हातात घरातली जवळजवळ कोणतीच गोष्ट नसते, त्या जिवाला निदान पोळी तरी अख्खी हवीशी वाटते, यात मला तरी आजार दिसत नाही. मी आईला हे समजावत होते, तेवढ्यात वडील घाईघाईने आत आले. घामाघूम झालेले, अतिशय सभ्य, एका सहकारी बँकेत नोकरीला असलेले गृहस्थ. “मॅडम, हा रडतो कसा ते तुम्ही बघाच,” म्हणून त्यांनी व्हिडिओ दाखवायला मोबाइल पुढे धरला आणि तो शोधताना पडद्यावर रांगाच्या रांगा सरकू लागल्या: गॅसच्या शेगडीची बटणे, सिलिंडरचा रेग्युलेटर, दाराचे कुलूप, पुन्हा शेगडीची बटणे. मुलाचा व्हिडिओ त्या गर्दीत काही केल्या सापडेना.

“हे फोटो कसले?” मी विचारले.

“काही नाही, सवय आहे. बँकेत गेल्यावर वाटलं तर बघता येतं.”

“आणि बघितल्यावर समाधान होतं?”

ते गप्प राहिले. उत्तर आईने दिले. “फोटो आजचाच कशावरून, असं वाटतं ह्यांना. मग मला फोन येतो. मी ‘बंद आहे’ म्हणायचं, तेही आवाज चढवून नाही, नीट. आवाज चढला की पुन्हा पहिल्यापासून.” त्या सकाळीही सगळे घराबाहेर पडल्यावर ते अर्ध्या रस्त्यातून गॅस बघायला परत गेले होते.

आजी मात्र ठामपणे म्हणाल्या, “अहो, मीही सोवळं पाळते, मग मलाही आजार म्हणाल का?” प्रश्न रास्त होता. मी त्यांनाच विचारले, “पूजा आटोपल्यावर ती नीट झाली की नाही, हे बघायला तुम्ही पुन्हा देवघरात जाता का?” त्या म्हणाल्या, “छे! एकदा झाली की झाली.” त्यांचा मुलगा खाली बघत म्हणाला, “माझं तेच होत नाही.”

मुलाला आजीबरोबर बाहेर पाठवून मी वडिलांशी सविस्तर बोलले. तपासण्यात आणि त्या शंकांत दिवसातला तासाहून अधिक वेळ जात होता, आणि ओसीडीच्या निदानाच्या निकषांत तासाभराचीच खूण धरलेली आहे. गॅस बंद असल्याचे त्यांना ठाऊक होते. बँकेतली तिजोरी ते रीतसर एकदाच तपासत, कारण तिथे दुसऱ्याचीही सही असे. घरी मात्र सगळी जबाबदारी आपलीच, आपल्या हयगयीने माणसे दगावतील, हा विचार पाठ सोडत नव्हता. सिलिंडर असलेल्या घरात एकदा बघून निघणे शहाणपणाचेच असल्यामुळे या आजाराला काळजीचा मुलामा सहज चढतो आणि वर्षानुवर्षे कुणी डॉक्टरकडे जात नाही.

मग मी त्यांना नेदरलँड्समधील मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांचा 2003 सालचा प्रयोग सांगितला. त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हापुन्हा तपासायला लावली होती. विद्यार्थ्यांची आठवण चुकीची ठरली नाही, पण ती पुसट झाली आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा उतरला. म्हणजे खात्रीसाठी केलेले तपासणेच खात्री पोखरते. हे ऐकून ते पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले आणि म्हणाले, “म्हणजे फोटोंनी वाढतंय?”

उपचाराची पद्धत जुनी आहे; व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये लंडनमध्ये तिची वाट घालून दिली. भीती वाटणारी परिस्थिती टाळायची नाही, आणि ती वाटत असताना सवयीची कृती करायची नाही. अस्वस्थता चढते, थांबते आणि तपासल्याविनाही उतरते, हे शरीराला अनुभवू द्यायचे. आम्ही पायऱ्या ठरवल्या. आधी फोटो बंद, मग बँकेतला फोन, आणि कुलूप सर्वांत शेवटी. सर्वांत अवघड काम मात्र पत्नीकडे होते, ते म्हणजे ‘बंद आहे’ हे उत्तर न देणे. “एवढं निष्ठुर कसं व्हायचं?” असे त्यांनी विचारले. उत्तर अचानक तोडायचे नाही. दोघांनी आधी ठरवून ‘याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय’ एवढेच म्हणायचे, असे मी सुचवले. औषधांची गरज पाहण्यासाठी त्यांना त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवले.

मुलासाठी औषध नव्हतेच. नियम मुद्दाम मोडून त्याची जिरवायची नाही, पण त्याच्यासाठी लिफ्ट दरवेळी खालीही न्यायची नाही. बदल आधी सांगायचा आणि रडला तर जवळ बसायचे. हे आग्रह वयाच्या पाच-सहा वर्षांनंतरही वाढत गेले, किंवा ते पाळताना तो घाबरू लागला, तर दाखवायला आणायचे. वडिलांना हा त्रास असल्यामुळे मुलावर जरा अधिक लक्ष असावे, हेही मी सांगितले. आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण म्हणून वडिलांचे दुखणे मुलाच्या पदरी पडतेच असे नाही.

पुढचे उपचार सरळ रेषेत झाले नाहीत. फोटो तुलनेने लवकर थांबले, फोनवरून घरात बरीच भांडणे झाली आणि गावाला जायच्या दिवशी कुलपाचा खेळ अजूनही रंगतो. मुलगा आता बालवाडीत जातो. मोडलेली पोळी तो खातो. सध्या डब्यात भाजी आणि पोळी एकमेकांना लागलेली मात्र चालत नाही.