काळी पाच, दोन बोटे खाली

2019 च्या जून महिन्यात गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील एका लग्नाच्या बँडचा बेस गिटार वाजवणारा तारवावरच्या, म्हणजे जहाजावरच्या, नोकरीसाठी निघाला आणि त्याच्या जागी कोणी मिळेल का, ही विचारणा कार्यालयातील एका सहकाऱ्यामार्फत माझ्यापर्यंत आली. मी फोंडा तालुक्यातला. चवथीच्या आरत्यांना घुमट हे मातीचे चर्मवाद्य आणि गावच्या भजनाला तबला, एवढेच माझे वादन होते. मित्राच्या बेस गिटारवर दोनेक वर्षे हौसेने बोटे फिरवली होती, पण चार माणसांबरोबर उभे राहून ती कधी वाजवली नव्हती. बँडलीडरने नाताळानंतरच्या पहिल्या शनिवारचे लग्न माझ्यासाठी नेमून दिले, म्हणजे हातात सहा महिने होते.

वाद्य मी त्या जाणाऱ्या बेसवादकाकडूनच अठरा हजारांना घेतले. चार तारांचे, दोन पिकअपचे (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी चुंबक-वेटोळी), चौतीस इंची स्केलचे (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी), म्हणजे 1960 मध्ये आलेल्या फेंडरच्या जॅझ बेसच्या धर्तीवर बनवलेले होते. विकताना त्याने एकच सूचना दिली, की दोन्ही पिकअपचे नॉब नेहमी पूर्ण उघडे ठेवायचे. कारण मी विचारले नाही आणि पुढे त्याची किंमत मोजली.

पहिला अडथळा पावसाने आणला. जुलैच्या मध्यावर तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, इतक्या वर उचलल्या गेल्या की बाराव्या फ्रेटजवळ मोजल्यावर अंतर चार मिलिमीटर भरले, जे साधारण दोन ते अडीच असावे. माझ्या वाद्याची लाकडी मान दमट हवेत पुढे वाकली होती. मानेच्या आत पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ती घट्ट केली की मान मागे येते. फोंड्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून तीन मिलिमीटरची ॲलन की आणली, ती आत फिरू लागली आणि मी जोर लावणार एवढ्यात थांबलो, हे माझे नशीब. त्या नटाला इंचाच्या मापाची चावी लागते. एक अष्टमांश इंच म्हणजे जवळपास 3.18 मिलिमीटर, आणि एवढ्या फरकानेही नटाच्या कडा झिजून तो कायमचा निकामी होऊ शकतो. योग्य चावी मिळायला दहा दिवस गेले. त्यानंतर एका वेळी पाव फेरा फिरवायचा, वाद्य पुन्हा सुरात लावायचे, रात्रभर ठेवायचे आणि सकाळी पहिला व शेवटचा फ्रेट दाबून मधल्या भागात तार आणि फ्रेट यांत किती फट उरते ते पाहायचे, असे तीन दिवस केले. फट साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी आल्यावर मी हात आवरला. तारांच्या गंजावर मात्र उपाय सापडला नाही. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसणे आणि ऑगस्टमध्ये नवा संच चढवणे, एवढेच करता आले.

दुसरी अडचण भाषेची होती, आणि ती कोकणी किंवा इंग्रजीची नव्हती. या बँडमध्ये गाण्याची पट्टी तोंडाने सांगत नाहीत, बोटांनी दाखवतात. वर केलेली बोटे म्हणजे त्या पट्टीतील शार्पची (चढ्या स्वरांची) संख्या, खाली केलेली म्हणजे फ्लॅटची (उतरलेल्या स्वरांची). पहिल्या सरावात गायिकेने दोन बोटे खाली दाखवली आणि मी समजलो, ‘दोन मिनिटे थांबा’. सगळ्यांनी गाणे सुरू केले, मी उभाच. घरी येऊन हार्मोनियम पुढ्यात घेतली आणि वहीत माझा स्वतःचा तक्ता केला, कारण माझ्या कानाला पट्टी कळते ती काळी-पांढरीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या क्रमांकांच्या, हिशेबानेच. एक बोट वर म्हणजे पांढरी पाच, दोन वर म्हणजे पांढरी दोन. एक खाली म्हणजे पांढरी चार, दोन खाली म्हणजे काळी पाच, तीन खाली म्हणजे काळी दोन. बेसच्या मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. एवढे जुळल्यावर ती फळी मला प्रथमच ओळखीची वाटली.

तालाने मात्र साथ दिली. लग्नात शेवटी जी कोकणी गाण्यांची माळ लागते, तिला बँडवाले ‘मसाला’ म्हणतात, आणि तिच्यातील दुलपदे, म्हणजे जलद चालीची कोकणी गाणी, सहा-आठच्या मापात, म्हणजे सहा मात्रांच्या झोक्यात असतात. ज्याने दादरा वाजवला आहे त्याला तीन-तीनचे दोन झोके समजावून सांगावे लागत नाहीत. ड्रमर मला ‘एक आणि चार एवढेच धर’ असे सांगत होता तेव्हा माझा हात घुमटाच्या सवयीने तिकडेच पडत होता. योगायोग असा, की त्याच वर्षी गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली.

खरा त्रास सप्टेंबरपासून सुरू झाला, जेव्हा आम्ही सरावाची जागा बदलून एका सभागृहात गेलो. बेस अँपला (आवाज मोठा करणाऱ्या पेटीला) जोडून साउंडच्या मिक्सरलाही दिला, की अखंड गुणगुण सुरू व्हायची. आपल्याकडच्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे आणि जाड तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा स्वर 49 हर्ट्झचा. त्यामुळे मी तो स्वर लावला की तानपुऱ्याच्या दोन तारा किंचित न मिळाव्यात तशी सेकंदाला एक लाट हॉलभर हेलकावे खायची. मी आधी केबल बदलली, मग वाद्य उघडून सोल्डर तपासले, आणि दोन आठवडे वाया घालवले. शेवटी साउंडवाल्याने दोन साध्या परीक्षा शिकवल्या. अंग गर्रकन वळवल्यावर गुणगुण कमी-जास्त होत असेल तर दोष पिकअपचा. वाद्याचा आवाज शून्यावर नेला तरी ती तशीच राहत असेल तर दोष वाद्याच्या पुढच्या साखळीत आहे.

माझ्याकडे दोन्ही निघाले. पहिल्याचे उत्तर त्या बेसवादकाने आधीच देऊन ठेवले होते. जॅझ बेसच्या दोन पिकअपपैकी एकाचे वेटोळे आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट असतात, म्हणून दोघे सारख्या आवाजावर असताना तारांचा स्वर बेरजेत येतो आणि विजेची गुणगुण वजाबाकीत जाते. मी मात्र आवाज जाडसर यावा म्हणून मागचा नॉब अर्धा मिटवत होतो. दुसरी गुणगुण अर्थिंगच्या फेऱ्याची होती. माझा अँप रंगमंचाच्या उजव्या सॉकेटवर, साउंडची यंत्रणा हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर, आणि मधली केबल या दोन अर्थना जोडून एक मोठे कडे तयार करीत होती.

गिटारवादकाने सुचवलेला उपाय फार प्रचलित आहे आणि फार वाईट आहे: अँपच्या थ्री-पिन प्लगची जाड पिन मोडून टाकायची. गुणगुण त्याने थांबतेही. पण बेसच्या तारा त्यांना खालच्या टोकाला धरणाऱ्या धातूच्या ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. अँपचे अर्थ तोडले आणि आत कुठे फेज धातूच्या पेटीला लागला, तर तो प्रवाह तारांवर येतो, आणि ओठ समोरच्या माइकला लागले की माणसाच्या अंगातूनच वाट काढतो. त्या दिवशी हॉलच्या वायरिंगसाठी आलेले आमच्याच गावचे वीजमिस्त्री काका तिथे होते. ते चिडून म्हणाले, “ती पीन मोडूं नाका, शॉक लागतलो!” त्यांनी अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावर आणले. उरलेली थोडी गुणगुण बेसचा सिग्नल मिक्सरला पोहोचवणाऱ्या डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणाने गेली, कारण ते बटण केवळ सिग्नलच्या वायरीचे अर्थ वेगळे करते, विजेच्या अर्थला हात लावत नाही.

आवाज स्वच्छ झाला तरी लीडर समाधानी नव्हता. तो हॉलच्या मागे जाऊन ऐकायचा आणि परत येऊन म्हणायचा, “बेस आयकूंक येता, पूण सूर कळना.” मी खालचा बास आणखी वाढवायचो, म्हणजे नेमके उलटे करायचो. जाड मोकळ्या तारेचा स्वर 41 हर्ट्झचा आहे, त्याची लाट आठ मीटरहून लांब, आणि सिमेंटच्या भिंतींच्या हॉलमध्ये ती घुमत राहते. शिवाय तळाचा तो सगळा भाग बेस ड्रमच्या ठोक्यालाही हवा असतो. बासचा नॉब कमी करून 700 ते 800 हर्ट्झचा मधला पट्टा वर केला. एकट्याने वाजवताना तो आवाज मला नाकातून गायल्यासारखा कोरडा लागला, आजही लागतो. सगळे वाजू लागले की तोच सुरेल होतो, हे मी मागे जाऊन रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय मानले नसते.

28 डिसेंबरच्या लग्नात मी पहिल्या नाचाच्या गाण्यात दोनदा चुकलो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक एरवी लावता येत नाही, म्हणून साडेनऊला मसाला घाईने सुरू झाला. गायिकेने न वळता पाठीमागे दोन बोटे खाली केली. पहिली दोन दुलपदे होऊन गेल्यावर माझ्या लक्षात आले, की ‘काळी पाच’ हा शब्द मनात आलाच नव्हता. बोट आधीच जाडीकडून दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर होते. दहाला पाच मिनिटे असताना साउंडवाल्याने हात वर केला, आम्ही थांबलो, आणि मी फडके काढून तारा पुसायला बसलो.