तेरेखोल ते पोळे, पायी: तिथी बघून चाललेले आठ दिवस

गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोलच्या किल्ल्यावरून पलीकडे केरीची वाळू दिसते, इतकी जवळ की हाक मारली तर ऐकू जाईल. पण मधे नदी आहे आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधीच फेरीबोटीची वाट बघत उभं राहावं लागतं. (पायी माणसाला फेरीचं तिकीट नाही, ही गोवा सरकारची मोठीच कृपा.) शाळेत गोव्याचा किनारा 105 किलोमीटरचा म्हणून पाठ केला होता. तो सलग चालत जाता येत नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. नदी, डोंगराचं नाक, पुन्हा नदी, असं चाललेलं असतं. आखून दिलेली पायवाट नाही, दिशा दाखवणारी पाटी नाही. पाटी असते ती बहुधा "खासगी मालमत्ता" म्हणणारी.

धाकटी बहीण नोकरीतून मोकळी झाली तेव्हा तिने हे खूळ काढलं. "ताई, एकदा पूर्ण किनारा चालूया." मी हो म्हटलं, पण एका अटीवर: निघायचा दिवस मी ठरवणार, पंचांग बघून. ती हसली. मुहूर्त काढतेय असं तिला वाटलं.

आमचे आजोबा पेडण्याचे. खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जायचे तर आधी तिथी विचारायचे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा त्यांचा हिशेब. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. रोज वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते. मिनिटाला मिनिट जमत नाही, पण चालणाऱ्याला पुरतं. चालायला हवी असते ती नुकतं पाणी सरकलेली ओली, घट्ट वाळू. वरच्या कोरड्या वाळूत पाऊल रुततं आणि तासाभरात पोटऱ्या बोलायला लागतात. म्हणून जानेवारीतली पौर्णिमा जाऊ दिली आणि वद्य तृतीयेला निघालो. सकाळी आठच्या सुमाराला ओहोटी, उन्हं कोवळी.

पहिला दिवस तसाच गेला, अगदी आजोबांच्या हिशेबाने. केरीची सुरूची झाडं, मग टेकडी ओलांडून हरमल, तिथलं समुद्राला लागून असलेलं गोड्या पाण्याचं तळं, मांद्रे, आश्वे, मोरजी. मोरजीला कासवं अंडी घालायला येतात, तो भाग कुंपण घालून राखलेला असतो, तिथे खालून पाण्याच्या कडेने जायचं.

दुसऱ्या दिवशी मात्र माझंच पंचांग माझ्यावर उलटलं. मोरजीहून शापोरा नदी ओलांडायला चोपडे-शिवोली पुलापर्यंत आत जावं लागतं, मग पलीकडून परत किनाऱ्याला. पुलानंतर एका हॉटेलात पातळ भाजी आणि उंडे (गोल पाव) खात बसलो, बहिणीने दुसरा चहा मागवला, वर शापोऱ्याचा किल्लाही चढलो. वागातोर सोडून हणजुण्याच्या बाजूच्या खडकांवर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. चतुर्थी! तीनला भरती. जांभा दगड ओला झाला की शेवाळावरून पाय कुठे जाईल याचा नेम नाही. एक म्हातारा गरी टाकून बसला होता, तो ओरडला, "बायांनो, वचूं नाकात, उदक चडटा!" (जाऊ नका, पाणी चढतंय.) मी थांबले. बहीण दोन खडक पुढे होती. लाट आली, ती बसली, कमरेपर्यंत भिजली. फोन गेला, गुडघा सोलवटला. जवळची एक वाट वर जात होती, पण ती एका रिसॉर्टच्या नव्या भिंतीला जाऊन संपली. शेवटी करवंदीच्या जाळ्यांतून वर चढलो. "पंचांग तुझ्याकडे होतं ना, ताई?" एवढंच ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत मी काही बोलले नाही.

बागा ते शिकेरी याबद्दल काय सांगायचं, माणसंच माणसं. आग्वादला 1612 चा किल्ला बाहेरूनच बघून नेरूल, वेरें करत बेतीला फेरी धरली आणि पणजीत आत्याकडे झोपलो. चौथ्या दिवशी मिरामार, दोनापावल झालं आणि पुढे बसने झुवारी ओलांडून वास्को गाठलं. मुरगाव बंदर, तेलाच्या टाक्या, विमानतळ, नौदलाची हद्द, यांच्यामधून किनारा धरायला वाटच नाही. वेळसांवपर्यंत बसनेच गेलो. याला कुणी फसवणूक म्हणेल तर म्हणो.

वेळसांव ते मोबोर हा मात्र सबंध चालीतला राजा. पंचवीसेक किलोमीटर सलग वाळू, मधे एकही नदी नाही. आम्ही तो दोन दिवसांत केला, रात्री मडगावला मावशीकडे. आणि इथेच कळलं की वाळू सपाट नसते. दक्षिणेला जाताना समुद्र कायम उजवीकडे, म्हणजे उजवा पाय सतत बोटभर खाली. बाणावलीपर्यंत माझं उजवं कंबरडं बसलं. बहिणीने उपाय काढला: अधूनमधून शंभर पावलं उलट दिशेने चालायचं. लोक बघत होते.

माजोर्ड्याच्या पुढे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. दोन रांगा, दोन दोर, हळूहळू एकमेकींजवळ येणाऱ्या. आम्हीही दोर धरला. हाताला काथ्याची सवय नाही, तळवे लाल झाले. जाळं वर आलं तेव्हा आत मुख्यतः तारले (छोटे मासे), थोडे बांगडे आणि प्लास्टिक. एका काकीने मूठभर तारले पिशवीत घातले, पैसे घेतले नाहीत. ते मावशीने रात्री तिखलं करून वाढले. दुसरा दिवस अष्टमी, भांगाचं पाणी. ना फार आत जातं ना फार वर येतं. पट्टा अरुंद, ओहोटी भर दुपारी बाराला, ऊन डोक्यावर. मोबोरच्या टोकावरून साळ नदीपलीकडचं बेतुल समोर दिसतं, पण आम्ही मागे केळशीला येऊन असोळण्याची फेरी धरली.

बेतुलच्या पुढे वाळू विसरायची. खोल्याचा काबो द राम किल्ला डोंगरावर आहे. वनवासात राम-सीता-लक्ष्मण इथे राहिले अशी समजूत, नंतर सोंद्याच्या राजाकडून किल्ला पोर्तुगिजांकडे गेला. वाटेत एका अंगणात खोल्याच्या मिरच्या वाळत होत्या. बहिणीने पाव किलो घेतल्या आणि शेवटपर्यंत पाठीवर वाहिल्या. मग आगोंद, पाळोळे, राजबाग, तळपण, गालजीबाग. गालजीबागलाही कासवांची राखण आहे.

तिथून माशे-लोलयेमार्गे हमरस्त्याने पोळ्यापर्यंत डांबरच. पोळ्याचा किनारा लहानसा, पलीकडे कर्नाटक. दहा-पंधरा मिनिटं पाण्यात पाय सोडून बसलो आणि काणकोणची बस धरली. बसमध्ये बहिणीने कागद काढून हिशेब केला: वास्को ते वेळसांव राहिलंय. "कुठल्या तिथीला जायचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, तिथे तिथीचा उपयोग नाही, तिथे परवाना लागेल.